तिसरं कुलूप

“चावी तुमच्याकडं असणारच की, बाई,” रावसाहेब मोकाशी म्हणाले. “कुलूप ज्यानं केलं त्याच्याकडं जादाची चावी नसती, असं कुठं झालंय?”

सकाळपासून हे त्यांनी मला कितव्यांदा विचारलं होतं, देव जाणे. मी नाही म्हणत होते आणि ते ऐकत नव्हते. रुग्णालयाच्या नव्या इमारतीतली ती खोली. भिंतींना ताज्या रंगाचा वास आणि कोपऱ्यात कपाटाएवढं मशीन. मशीनला घातलेला झेंडूचा हार सुकायला लागला होता आणि पुढचा दिवा हिरवा व्हायचं नाव घेत नव्हता. मी पुण्याहून एसटीने आले होते, पाठ आखडली होती, आणि एक कप चहा सोडला तर आयुष्याकडून मला तेव्हा काहीही नको होतं.

“नाही हो रावसाहेब. माझ्याकडे असती तर त्याला कुलूप कोण म्हणेल?”

“मग असलं कुलूप करायचंच कशाला?” ते खुर्चीत धपकन बसले. ट्रस्टचे अध्यक्ष, मोठे बागायतदार, आवाज असा की बाहेरच्या बाकावरचे पेशंटही दचकायचे.

हे कुलूप काय होतं ते आधी सांगून टाकते. मी तेव्हा पुण्याच्या एका कंपनीत होते. रुग्णालयं, पतपेढ्या यांची माहिती साठवायची, ती चोरीला जाऊ द्यायची नाही आणि एका गावाहून दुसऱ्या गावी पाठवताना मधल्या कुणाला वाचता येऊ द्यायची नाही, हा आमचा धंदा. एका मोठ्या मशीनच्या पोटात आम्ही पाच-सहा आभासी सर्व्हर चालवायचो, एकाच घरात भावांनी वेगळ्या चुली मांडाव्यात तसे. सगळी माहिती कुलूपबंद. या कुलपाची चावी म्हणजे एक भलामोठा आकडा. तो कुणा एकाकडे दिला की तो माणूस मालक होऊन बसतो. म्हणून त्याचे तीन तुकडे करायचे, तिघांना एकेक द्यायचा, प्रत्येकाने आपला तुकडा आपल्याच परवलीच्या शब्दाने बंद करायचा, आणि तिघं येऊन आपापला शब्द घालतील तेव्हाच माहिती उघडायची. आकड्याचे तुकडे करायची विद्या जुनीच आहे. ती सर्व्हरला अशी बांधायची की तिघांशिवाय तो जागाच होऊ नये, हे डोकं माझं. कंपनीने त्याचं पेटंट घेतलं. फ्रेम करून भिंतीवर लावलं. शोधकर्ते म्हणून तीन नावं होती आणि माझं तिसरं, ज्या साहेबांनी बैठकीत फक्त बिस्किटं मागवली होती त्यांच्याही खाली.

असो. खरं विचाराल तर ती कल्पना माझीही नव्हती. आमच्या गावच्या देवाची होती.

आमचं गाव देवगडच्या अलीकडे. देवाची चांदीची रूपं, म्हणजे मुखवटे, देवळात एका पेटीत असतात. पेटीला तीन कुलपं आणि चाव्या तीन मानकऱ्यांच्या घरी. गुरव, राणे आणि आम्ही घाडी. शिमग्याला तिघांनी एकत्र यायचं, पेटी उघडायची आणि रूपं पालखीत बसवायची. पण माझ्या अख्ख्या लहानपणात ती पेटी उघडली नाही, कारण माझे बाबा रुसले होते. पालखीचा पहिला खांदा आमच्या घराचा, तो कधीतरी राण्यांनी घेतला, म्हणून. दर शिमग्याला गुरव आणि राणे नारळ घेऊन आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, यायचे आणि हाक मारायचे, “घाडयानू, चला. देव वाट बघता.” बाबा आतूनच सांगायचे, पहिला खांदा मिळाल्याशिवाय येणार नाही. ते दोघे थोडा वेळ थांबायचे, पान खायचे, आईशी दोन शब्द बोलायचे आणि जायचे. मग देव लाकडी मुखवट्यावरच पालखीत बसायचा. शाळेत पोरं मला म्हणायची, तुमच्यामुळे आमचा देव भिकाऱ्यासारखा फिरतो. मी एकदा बाबांना विचारलं, ते लोहाराकडून कुलूप फोडून का घेत नाहीत? बाबा म्हणाले, मानाचं कुलूप फोडत नसतात. आणि भरल्या ताटावरून उठून गेले.

यातलं कंपनीत मी कुणाला सांगितलं नव्हतं. कुलपं तेवढी घेतली, घरचा तमाशा घरी ठेवला.

तर या रुग्णालयात हे कुलूप बसवलं तेव्हा तीन मानकरी ठरले. अध्यक्ष रावसाहेब, कापडाचे व्यापारी मगनशेठ शहा आणि रुग्णालय ज्यांनी उभं केलं ते सर्जन, डॉक्टर दिनकर चौगुले. मी घसा कोरडा करून सांगितलं होतं की तिघांपैकी कुठलेही दोघे पुरेत असं ठेवूया, उद्या कुणी परगावी असलं, आजारी पडलं तर अडणार नाही. तिघांनाही ते पटलं नाही. माझ्याशिवाय उघडणार असेल तर मी कशाला पाहिजे, हे तिघांचंही म्हणणं. त्या बाबतीत मात्र पक्कं एकमत. मग एकेकाला खोलीत एकटं बसवून शब्द घालायला लावला. डॉक्टर चौगुले आत जाताना मी त्यांना म्हटलं, असा शब्द घाला जो तुम्ही कधीच विसरणार नाही. ते दारात थांबले आणि हसले.

“मुली, आपण काय विसरणार नाही, हे माणसाला आधी कसं कळायचं?”

मलाही हसू आलं होतं.

त्यानंतर ते मशीन कैक वर्षं अखंड चाललं. बंदच पडलं नाही म्हणून कुणाला शब्द घालायची वेळ आली नाही. मग नवी इमारत झाली, मशीन बंद करून इकडे आणलं, पूजा केली, हार घातला आणि चालू केलं. रावसाहेबांनी शब्द घातला. मगनशेठनी घातला. डॉक्टर चौगुले आलेच नाहीत. उद्घाटनाच्या पत्रिकेत त्यांचं नाव तिसऱ्या ओळीत, एका आमदाराच्या खाली छापलं होतं. निरोप आला, मी येणार नाही.

आणि मशीनमध्ये काय होतं? किरणोपचाराचे सगळे आराखडे. कुठल्या पेशंटला शरीरात नेमकी कुठे, किती किरणं द्यायची, किती देऊन झाली. आराखड्याशिवाय डॉक्टर बटणाला हात लावू शकत नव्हते. पुण्याला रोज नक्कल जात होती, पण ती त्याच कुलपात. नव्याने सगळं मोजायचं तर आठवडे गेले असते, आणि या आजारात अर्ध्यावर थांबलेला उपचार वाढत्या रोगाला सुट्टी दिल्यासारखा. बाहेर बाकावर एक अंगणवाडीताई बसली होती, आलका नाव, गळ्याला पदर गुंडाळलेला. तिने मला पुण्याची मोठी डॉक्टरीण समजून विचारलं, “ताई, माझं निम्मं झालंय. निम्म्यावर थांबलं तर पहिलं केलेलं वाया जातं का?” बघते, असं म्हणून मी तिथून निघाले. त्या ‘बघते’ची मला लाज वाटली.

रुग्णालयाच्या गाडीने मला डॉक्टरांच्या घरी सोडलं. जाताना व्यवस्थापक पाटोळे बजावत होते, हात जोडा, पाया पडा, पण घेऊन या. मी म्हटलं, मी सॉफ्टवेअरवाली आहे, वधूमाय नाही. पण आतून माझा संताप संताप होत होता. बाहेर बाई मरणाची वाट बघत बसली आहे आणि हे म्हातारे ओळी मोजत बसले आहेत. मला आमचं खळं दिसत होतं आणि बाबांचा आतून येणारा आवाज ऐकू येत होता.

डॉक्टरांच्या पत्नी, सुमतीकाकूंनी दार उघडलं. डॉक्टर झोपाळ्यावर बसले होते, इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत, पायात मोजे. त्यांनी माझ्याकडे बघून छान हसून मान हलवली. मी ओळख दिली, कुंदा घाडी, पुण्याची, कुलूपवाली. ते म्हणाले, हो हो. काकूंनी पाणी दिलं. मग मी पत्रिकेचा विषय काढला तसे ते ताठ झाले.

“ज्या संस्थेसाठी मी रक्त आटवलं, तिथे माझं नाव तिसऱ्या ओळीत. मी पायरी चढणार नाही.”

मी बाजू मांडली. छापखान्याची चूक असेल, पेशंटचा काय दोष, आलकाताईचं सांगितलं. ते ऐकत होते. पेशंटचं ऐकताना त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, “अहो, पत्रिका.”

“ज्या संस्थेसाठी मी रक्त आटवलं,” ते म्हणाले, “तिथे माझं नाव तिसऱ्या ओळीत. मी पायरी चढणार नाही.”

तेच वाक्य. तोच ठेका, श्वास घ्यायची जागासुद्धा तीच. माणूस रागावला की दर वेळी वेगळं बोलतो, वाढवतो, जुनं उकरून काढतो. हे पाठ केल्यासारखं होतं. थोड्या वेळाने त्यांनी मला विचारलं, जेवलीस का? मी म्हटलं, नाही अजून. ते काकूंना म्हणाले, हिला जेवायला वाढ. आणि पुन्हा माझ्याकडे वळून म्हणाले, “जेवलीस का?”

मी उठून काकूंच्या मागे स्वयंपाकघरात गेले. त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. काही विचारायची गरज नव्हती, कारण हे घर मला माहीत होतं.

बाबा गेले त्या वर्षी आम्ही मायलेकींनी घर आवरलं होतं. मला वाटलं, चला, आता चावी गुरवांच्या हवाली करून टाकू आणि देवाला त्याची रूपं मिळू देत. मी पेट्या उपसल्या, फडताळं उपसली, देव्हाऱ्याखाली हात घातला. आई उंबऱ्यावर बसून बघत होती. शेवटी म्हणाली, “कित्याक शोधतंस? चावी होतीच खंय गो? तुझ्या आज्याच्या हातातसून ती कधीच हरावली. तुझ्या बापाशीन ती डोळ्यांनी बघूक पण नाय.” मी म्हटलं, मग ते खांद्याचं भांडण? आई म्हणाली, “भांडाण होता म्हणान घराची अब्रू ऱ्हवली.”

म्हणजे बाबा रुसलेले नव्हतेच. आयुष्यभर रुसल्याचं सोंग करत होते.

“काकू, डॉक्टरांना शब्द आठवत नाहीये ना?”

त्यांनी पदर तोंडाला लावला. रडल्या नाहीत. दमल्या होत्या, माझ्याहून कितीतरी जास्त. मग हळू आवाजात सांगायला लागल्या. विसरायला सुरुवात झाली तेव्हाच त्यांनी डॉक्टरांना सुरी खाली ठेवायला लावली होती, लोकांना सांगितलं गुडघे धरलेत. आता सकाळचं संध्याकाळी आठवत नाही. मुलगा परदेशात, त्यालाही धड सांगितलेलं नाही. गावात अर्ध्या लोकांच्या पोटावर त्यांच्या टाक्यांची खूण आहे. कळलं तर जो तो आपलं पोट चाचपत बसेल, माझं ऑपरेशन झालं तेव्हा यांचं डोकं ठिकाणावर होतं का म्हणून.

“मशीन हलवणार असं कळलं तेव्हापासून मी निमित्त शोधत होते,” त्या म्हणाल्या. “मग ती पत्रिका आली. तिसऱ्या ओळीत नाव बघितलं आणि मला वाटलं, देव पावला. तीन दिवस बसून मी त्यांच्याकडून ते वाक्य पाठ करून घेतलं. बाई, रुसलेला माणूस चालतो गावाला. विसरलेला नाही चालत.”

“पण बाहेर पेशंट आहेत, काकू.”

“मला कळत नाही का ते?” त्या पहिल्यांदाच चिडल्या. “डॉक्टरची बायको आहे मी. रात्री डोळा लागत नाही. पण शब्दच नाही तर काय देऊ तुला? मला कधी सांगितला नाही त्यांनी. तूच नको म्हणाली होतीस ना कुणाला सांगायला.”

हे मात्र खरं होतं. मीच म्हणाले होते.

मी बाहेर येऊन झोपाळ्यासमोर मोड्यावर बसले. परवलीचा शब्द काय, असं विचारायची सोय नव्हती. असला थेट प्रश्न केला असता तर ते आणखीच गोंधळले असते. मग मला त्यांचंच बोलणं आठवलं.

“डॉक्टर, मी मागे तुम्हाला म्हटलं होतं, कधीच विसरणार नाही असं काहीतरी घाला. तुम्ही म्हणालात, आधी कसं कळायचं? आता कळलं का हो? काय विसरत नाही माणूस?”

ते झोपाळ्याच्या कडीकडे बघायला लागले. मला वाटलं, गेलं. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

“शेवंता,” डॉक्टर म्हणाले. “शेवंता गुंडा माने. बोरगावची.”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी हे नाव कधी ऐकलं नव्हतं.

डॉक्टर बोलायला लागले आणि मघाचा माणूस राहिलाच नाही. आवाज स्थिर, शब्द नेमके. गावात नवे आले होते, दवाखाना म्हणजे दोन खोल्या. बैलगाडीतून बाई आणली, अपेंडिक्स फुटलेलं. मोठ्या दवाखान्यात पाठवायला हवी होती, पण यांना वाटलं, जमेल. टेबलावरच गेली. हातात हिरव्या बांगड्या होत्या, त्यातली एक यांच्या हाताच्या धक्क्याने फुटली, तिची काच हातमोज्यातून टोचली. नवरा बाहेर बसला होता. त्याला सांगितलं तेव्हा तो पाया पडला आणि म्हणाला, तुमी लई केलंसा, डॉक्टर.

“लई केलंसा म्हणाला,” डॉक्टर म्हणाले. “मग इथे मोठं हॉस्पिटल काढायचं ठरवलं. तिचंच नाव लिहिलं मी त्या मशीनमध्ये. दुसरं काय लिहिणार?”

काकू उंबऱ्यावर बसल्या. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांना शेवंता माने माहीत नव्हती.

आता लगेच गाडीत घालून न्यावं असं मला झालं होतं, पण काकूंनी हात धरला. म्हणाल्या, “असे आपणहून आले तर लोक विचारतील, राग कुठे गेला? त्यांना घ्यायला यायला हवं.” बाई पक्क्या होत्या. आणि त्यांचं बरोबर होतं.

मी रुग्णालयात परतले आणि रावसाहेबांना सांगितलं, तुम्ही आणि मगनशेठ शाल-नारळ घेऊन घरी चला, पत्रिका नवी छापतो म्हणून सांगा, डॉक्टरांचं नाव सगळ्यांत वर. रावसाहेब लालबुंद झाले. नाकापेक्षा मोती जड झालाय म्हणाले. अडला हरी गाढवाचे पाय धरी, हेही म्हणाले, अर्थात जरा हळू. मगनशेठनी मात्र काही न बोलता दुकानातून चांगली शाल मागवली. गाडीत बसताना रावसाहेब माझ्याकडे वळले. “बाई, खरंच पत्रिकेचाच राग हाय न्हवं?”

“पत्रिकेचाच,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

दारात शाल घातली, नारळ दिला. डॉक्टरांनी त्यांचं वाक्य म्हटलं, एकदाच. रावसाहेबांनी चक्क वाकून नमस्कार केला. परतताना ते आणि मगनशेठ दुसऱ्या गाडीत होते. आमच्या गाडीत डॉक्टर आणि काकू मागे बसले होते, आणि मी पुढे बसून ऐकत होते. काकू शेतातल्या गप्पा माराव्यात तशा विचारत होत्या, शेवंता कुठली हो? कुणाची? डॉक्टर सांगायचे, बोरगावची, गुंडा मान्याची. जरा रस्ता गेला की काकू पुन्हा विचारायच्या.

नियमाप्रमाणे खोलीत त्यांनी एकट्याने जायचं होतं. मी काकूंना त्यांच्याबरोबर आत पाठवलं, दार लोटलं आणि पाठ करून उभी राहिले. पाटोळे काही म्हणायला आले, तर मी नुसतं बघितलं. आत बराच वेळ काही नाही. मग एकेक कळ दाबल्याचा आवाज. मशीनने चूक म्हणून भोंगा दिला. काकूंचा आवाज आला, “पूर्ण नाव घातलंत का? गावासकट?” परत एकेक कळ. आणि मग मशीनचे पंखे घरघरायला लागले. तो आवाज मला इतका गोड कधी लागला नव्हता.

दुपारीच उपचार सुरू झाले. आलकाताई आत जाताना मला हात करून गेली.

संध्याकाळी सगळे पेढे खात असताना मी त्या खोलीत बसून कुलूप बदललं. नियम कागदावर तोच राहिला, तिघांनी यायचं. उलट मी आणखी एक घातला, दर वर्षी वर्धापनदिनाला मशीन बंद करून तिघांनी उघडायचं, म्हणजे चाव्या चालतात की नाही ते कळेल. पण आतून मी असं केलं की रावसाहेब आणि मगनशेठ यांचे तुकडे पुरेत. तिसऱ्या चौकटीत काय घातलं याने काहीच फरक पडणार नव्हता. डॉक्टरांनी काहीही लिहावं, नाव, आकडे, नुसत्या कळा, मशीनने ते घ्यायचं. मोठ्या अक्षरात ‘धन्यवाद, डॉक्टर चौगुले’ असं म्हणायचं आणि मगच उघडायचं. ज्या कुलपाचं पेटंट भिंतीवर होतं, त्यात मी स्वतःच्या हाताने एक खोटं कुलूप बसवलं. साहेबांना कळलं असतं तर घरी बसवलं असतं. तेव्हा मी इतकी दमले होते की त्याचंही काही वाटलं नाही.

पुढची काही वर्षं मी वर्धापनदिनाला न चुकता जात राहिले. डॉक्टरांना गाडी जायची. ते शाल पांघरून यायचे, खोलीत बसायचे, एका बोटाने काहीबाही दाबायचे. पडद्यावर त्यांचं नाव यायचं. ते वळून विचारायचे, “उघडलं का?” मी म्हणायचे, उघडलं, डॉक्टर. दर वर्षी त्यांना तितकाच आनंद व्हायचा. रावसाहेब आणि मगनशेठ टाळ्या वाजवायचे.

एका वर्षी कार्यक्रम झाल्यावर रावसाहेब मला फाटकापर्यंत सोडायला आले. त्यांच्याही हातात काठी आली होती आता. म्हणाले, “औंदा पावसाळ्यात वीज गेली, जनरेटर बी बसला. मशीन बंद. पेशंट टेबलावर. मी आलो, मगनशेठ आले, आमचं घातलं. डॉक्टरांकडं गाडी धाडणार, तेवढ्यात त्या पाटोळ्याचं कोपर लागलं कळांना. उघडलंच की मशीन.”

“मग?”

“मग काय? पेशंट उरकले. पाटोळ्याला म्हटलं, तोंड उघडलंस तर बघ. आणि परत बंद केलं मशीन.”

“परत बंद? का?”

“डॉक्टर यायचे होते न्हवं,” रावसाहेब म्हणाले. “गाडी धाडली. आले, बसले, घातलं त्यांचं. च्या घेतला आन् गेले.” ते काठीने जमिनीवर काहीतरी टोकरत राहिले. “शाल घालायला गेलो त्याच दिवशी कळलं होतं मला, बाई. त्यांनी मला माझ्या थोरल्या भावाच्या नावानं हाक मारली. थोरला जाऊन लई वर्षं झाली.”

परतीच्या एसटीत मला खिडकीजवळ जागा मिळाली. डोळे मिटले, पण झोप येईना. मला आमचं खळं दिसत होतं. नारळ घेऊन उभे असलेले गुरव आणि राणे. इतकी वर्षं ते आले, एक शिमगा चुकला नाही. आणि मी आठवून आठवून पाहिलं, त्यांनी एकदाही ‘चावी घेऊन ये’ असं म्हटलं नव्हतं. नुसतं चला म्हणायचे. देव वाट बघता म्हणायचे. बाबांचं ‘नाही’ ऐकायचे, पान खायचे आणि देवाला लाकडी मुखवट्यात मिरवायचे.

लोहाराचं घर देवळाच्या मागेच होतं.